दोघींचं औषध

बाटलीचं बूच जांभळं झालं होतं, आणि पंचफुलाच्या बोटाचं टोकही… पदराला पुसलं तरी जाईना मेलं. घमेली वाहून घट्टे पडलेल्या हाताला हा कुठला रंग! चंपा नळावरून येईपर्यंत बाटली लपवायची कुठं — आणि लपवून तरी काय, सांगावं तर लागणारच.

सकाळी दवाखान्यातल्या नर्सबाईनं सगळं न लाजता विचारलं, खाज कधीपासून, अंगावरून पांढरं जातं का… मग ही जांभळ्या औषधाची बाटली हातात देत म्हणाली, "मरद को भी बताना. दोनों को दवा लगेगी, नहीं तो फिर होगा." मरद! तो गोंदियाला दुसरी करून बसलाय. बाईला काय सांगू, की कारखान्याच्या भट्टीचा पाया खणायला आले, मजुरांच्या कॅम्पात चंपासोबत एका झोपडीत राहिले, आणि तीच माझं घर झाली? कोणत्या तोंडानं सांगू!

आपलं दुखणं चंपाला लागू नये म्हणून ती कितीतरी दिवस पाठ करून झोपत होती. अंग दुखतं, थकले, असली कारणं. चंपा गप्प गप्प होत गेली, आणि आज उठल्या उठल्या म्हणाली, उद्या भावाकडे दुर्गला जाते, तिथंच राहीन. तेव्हापासून पंचफुलाचा जीव थाऱ्यावर नव्हता. सांगितलं आणि तिला भलताच संशय आला तर?

दारासमोर दोरीवर ओलं लुगडं, त्याखाली दडवलेल्या पाळीच्या कापडाच्या घड्या — तिच्या कोणत्या, चंपाच्या कोणत्या, कधी वेगळ्या केल्याच नव्हत्या. बाप्यांना दिसू नयेत म्हणून कायम सावलीत, कायम दमट. त्यांना ऊन लागू दे, असंही नर्सबाई म्हणाली होती.

चंपानं हंडा उतरवला. बोट पाहिलं, बाटली पाहिली.

"हे काय वं? काहून लपवून राहिली?"

"मले खाज हाय… खाली. तुले लागू नये म्हून दूर झोपत होती. माणूस-बिणूस कोणी नाही वं चंपा, तुही शप्पथ!"

चंपा तिच्याजवळ येऊन बसली. "मलेबी हाय," ती म्हणाली. "मले वाटलं, तुले समजलं… किळस आली तुले माही."

पंचफुलाला हसू आलं, रडूही आलं. चंपा उद्या भावाकडे जाईलही, कोण जाणे… पण नर्सबाईचं ते 'दोनों को' मनातून हलेना. नवरा समजून म्हणाली बिचारी, तरी एवढ्या मोठ्या दुनियेत पहिल्यांदाच कुणीतरी तिला एकटी धरलं नव्हतं.

ती उठली, दोरीवरचं लुगडं बाजूला सारलं. दोघींच्या घड्यांवर ऊन पडलं. समोरून माणसं येत-जात होती, आणि तिला आज लाज वाटत नव्हती.