दमाचे हप्ते

वर्षाराणीनं स्कूटी जिमच्या पायऱ्यांपाशी आडवीच लावली आणि एका दमात जिना चढली. तालुक्याच्या मालेगावातल्या बँकेपासून इथं मेडशीपर्यंत ती मनात भांडण पाठ करत आली होती. पहिलं वाक्य, दुसरं, त्यावर तो काय म्हणेल, मग तिसरं. गावचे कीर्तनकार बुवा दृष्टान्त रंगवतात, तसं तिनं ते रंगवून ठेवलं होतं. छातीत मृदंग दुप्पट लयीत वाजत होता.

जिमवाला प्रसेनजित एकटाच होता. लोखंडी वजनांवर फडकं मारत होता.

"या ताई," तो म्हणाला. "लय दिवसांनी."

"मी जिम सोडली का नाई?"

"सोडली."

"बुवांसमोर तुमी मले म्हणलं का नाई, कॅन्सल समजा म्हणून?"

"म्हणलं."

"मग बँकेतला साहेब काहून म्हणून राह्यला, का माह्या नावावर जिमचं कर्ज थकलं हाये?"

फडकं थांबलं.

सकाळपर्यंत तिच्याइतकं सुखी माणूस मेडशीत नव्हतं. परवापासून गावात सप्ताह बसणार होता आणि त्याच्या साऊंडचं काम बुवांनी वाशिमची पार्टी सोडून गावच्या पोरीला दिलं होतं. तिचे वडील उकंडराव जन्मभर मृदंग वाजवत आले. मंडपात मागं बसलेल्या म्हाताऱ्यांना शब्द ऐकू जात नाहीत, हे त्यांचं जुनं दुखणं. वर्षाराणीनं स्पीकर, मिक्सर, माईक सारं पसंत करून ठेवलं होतं. राहिली होती ती फक्त त्यासाठीच्या कर्जावर बँकेची सही. साहेबानं कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे वळवून एका ओळीवर बोट ठेवलं. आधी हे मिटवा, फेडल्याचं पत्र आणा, मग नाव साफ व्हायला महिना-दीड महिना तरी जाईल.

जिम तिनं लावली होती ती गळ्यापायी. बुवांच्या मागं उभं राहून चाल म्हणताना वरच्या सुरात तिचा दम तुटायचा. असं झालं की बाजूचे टाळकरी तिथूनच झील उचलतात, ओळ खाली पडू देत नाहीत. ऐकणाऱ्याला कळत नाही, पण तिला कळायचं. कुणीतरी म्हणालं, पळायच्या मशीनवर पळ, दम वाढतो. वर्षाची फी एका फायनान्स कंपनीनं भरली. तिनं ती हप्त्यांनी फेडायची होती. पण जिममधल्या कूलरच्या थंड हवेनं आठवडाभरात गळाच बसला. बुवा स्वतः सोबत आले, प्रसेनजितनं 'कॅन्सल समजा' म्हणून मान डोलावली आणि तिनं खात्यातून हप्ता कापणं बंद करून टाकलं. बुवांसमोर दिलेल्या शब्दावर आणखी कागद कशाला मागायचा? अलीकडं कंपनीचे फोन यायचे ते फसवणारे असतील म्हणून ती कापत राहिली.

"कंपनीनं तुमची फी मले एकदम देल्ली होती, ताई," प्रसेनजित वजनांकडे बघत म्हणाला. "तुमी सोडाले आले तवा ते पैसे त्या पळाच्या मशीनमधी गेले होते. कंपनीले वापस कुठून करू? मंग म्हणलं, हप्ते आपणच भरू."

"तुमी भरले?"

त्यानं मोबाइल पुढं केला. तिनं बोटानं पडदा वर सरकवला. महिन्यामागून महिना, हप्त्यामागून हप्ता, भरणाऱ्याच्या जागी त्याचं नाव. फक्त अलीकडचे दोन नव्हते.

"सोयाबीनची सोंगणी लागली अन् जिम खाली झाली," तो म्हणाला. "पोट्टे म्हणते, वावरात फुकट घाम निंगून राह्यला, तुले पैसे देऊन कायले काढू? जागेचं भाडंही निंगलं नाई."

"मले सांगाचं ना मंग."

"कोन्या तोंडानं? बुवांपुढं हो म्हणून बसलो होतो."

वर्षाराणी बाकावर टेकली. भांडणाचं तिसरं वाक्य अजून तोंडातच होतं; ते कुठं ठेवावं तिला कळेना.

"मशीन तरी चालते का?"

"चालते. सध्या त्याच्यावर टॉवेल वाळते."

तिला हसू आलं, आणि हसता हसताच परवाचा मंडप डोळ्यांपुढं उभा राहिला. बाबाले काय सांगू? तिनं मान वर केली. भिंतीच्या चारी कोपऱ्यांत काळे स्पीकर टांगलेले होते. तिची नजर तिथं अडकली, तशी त्याचीही गेली.

"हे?" तो म्हणाला. "चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत हेच असते. पार बस स्टँडवर आवाज जाते."

"भाडं घ्या लागन."

"सप्ताहाचं भाडं घेऊ मी?"

"घ्या लागन. त्याच्यातून थकलेले दोन हप्ते भरजा. फुडचे मी पाहीन."

त्यानं फडकं खांद्यावर टाकलं. स्टूल ओढून वर चढला आणि स्क्रू ढिले करू लागला. वर्षाराणीनं हेल्मेट खाली ठेवलं आणि स्पीकर झेलायला दोन्ही हात वर केले.

सप्ताहाच्या पहिल्या रात्री मंडप काठोकाठ भरला. उकंडरावांनी मृदंगाला कणीक लावता लावता स्पीकरकडे पाहिलं.

"जिममधला गडी हाये म्हणते हा. पाहू, कीर्तनात किती टिकते."

"तुमच्याहून जास्त टिकन, बाबा," वर्षाराणी म्हणाली आणि टाळ घेऊन उभी राहिली. मिक्सरवर प्रसेनजित बसला होता. ते यंत्रही त्याचंच, मिरवणुकीत त्याच्याच हाताला सरावलेलं.

नामाचा गजर झाला. बुवांनी तिला खूण केली. तिनं चाल उचलली आणि आवाज मंडपाच्या पार टोकाला जाऊन आदळला. मागच्या रांगेतल्या एका म्हातारीनं कानामागचा हात काढला आणि ती टाळी वाजवू लागली. ते पाहून वर्षाराणीनं सूर चढवला. ती आणखी वर गेली, आणखी वर, आणि तिथं दम तुटला.

टाळकऱ्यांनी त्याच अक्षरावरून झील उचलली. म्हातारीची टाळी चुकली नाही.

वर्षाराणीनं धापा टाकत मिक्सरकडे पाहिलं. स्पीकरमधून तिची धाप आली नव्हती. प्रसेनजितनं मान खाली घालून तिच्या माईकचं बटण अलगद उतरवलेलं होतं. तो तिच्याकडे बघत नव्हता. तिच्या श्वासाकडे कान देऊन बसला होता.

तिनं छाती भरून श्वास घेतला. त्याचं बोट ते बटण हळूहळू वर सरकवू लागलं.