पंखा हो म्हणाला

दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. काउंटरवर माझ्या धाकट्या बहिणीचा कॉम्प्युटर उघडून ठेवला होता आणि त्याच्याभोवती वीस-पंचवीस माणसं माना उंचावून उभी होती. दुकानदाराला सगळे स्पर्शगुरू म्हणत. त्यांनी मागची वायर उपटली, तिचं टोक सगळ्यांना फिरवून दाखवलं आणि डोळे मिटून डब्यावर पंजा टेकला.

"जुनं शरीर, नवा मेंदू," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "शरीर मानेल की नाही, हे ठरवणारे आपण कोण? त्यालाच विचारू. बोल बाळा, पेलशील का हा प्रोसेसर?"

आणि वायर काढलेल्या त्या डब्यातला पंखा गर्रकन दोन-तीन फेरे फिरला.

"हो म्हणतोय," गुरू म्हणाले. गर्दीत कुजबूज झाली. एकाने चक्क हात जोडले. तो एक म्हणजे मी.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. अंधश्रद्धेवर दरवर्षी तासभर भाषण ठोकतो. हे लिहितानाही मान खाली जाते.

बहीण घरून इमारतींचे आराखडे काढते. एका दवाखान्याच्या नव्या इमारतीची चित्रं करायला मिळाली होती, तिच्या स्वतःच्या नावावरचं पहिलं काम. त्यासाठी वेगवान प्रोसेसर हवा होता. "दादा, जुना पॉवर सप्लाय याला पुरेल का रे? बघून सांग ना," एवढंच तिने विचारलं होतं. मला काही सांगता येत नव्हतं. पण 'मला माहीत नाही' हे शब्द मास्तरच्या तोंडून सहजी निघत नाहीत. म्हणून मी तिला गुरूंकडे नेलं आणि प्रोसेसरही त्यांच्याकडूनच घेतला. गुरूंनीही संधी सोडली नाही. "बघा, विज्ञानाच्या सरांनीसुद्धा हात जोडले," त्यांनी सगळ्यांना ऐकवलं.

आमच्यानंतर नंबर असलेल्या एका फोटोग्राफरने आपला प्रोसेसर दुसऱ्या दुकानातून आणला होता. त्याच्या डब्याने मात्र नकार दिला, पंखा जागचा हलला नाही. तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

बहिणीचे पहिले तीन दिवस बरे गेले. चौथ्या दिवशी दुपारी तिने अख्ख्या इमारतीचं चित्र तयार करायला लावलं आणि कॉम्प्युटर एकदम बंद पडला. पुन्हा सुरू केला, पुन्हा बंद. तिने फोन केला तेव्हा मी म्हणालो, "तूच काहीतरी चुकीचं दाबत असशील." तिने ते खरं मानलं आणि आठवडाभर ती स्वतःच्या चुका शोधत बसली. मुदत टळली आणि काम दुसऱ्या कोणाला तरी गेलं.

रविवारी तिने मला घरी बोलावलं. डबा टेबलावर होता, झाकण बाजूला.

"वायर काढून धूळ पुसत होते, चुकून बटण दाबलं गेलं आणि पंखा फिरला," ती म्हणाली. "आता बघ हं." तिने वायर लावली, लगेच काढली आणि पुढचं बटण दाबलं. पंखा दोन फेरे फिरला. तिने पुन्हा दाबलं, तर काहीच नाही. "पहिल्यांदाच फिरतो. असं का रे?"

असं का, ते मी दरवर्षी फळ्यावर काढून शिकवतो. सप्लायमधले कपॅसिटर वायर काढल्यावरही थोडा वेळ वीज धरून ठेवतात. बटण दाबलं की तेवढी वीज पंख्यात खर्च होते. गुरूंचा पंजा ज्या कोपऱ्यावर टेके, बटण तिथेच होतं. प्रोसेसर त्यांच्याकडून घेतला तर लगेच होकार. बाहेरून आणला असेल, तर वायर काढायची आणि झाकण उघडायच्या आतच गप्पा मारता मारता बटण दाबून घ्यायचं. मग प्रश्न विचारला की डबा मुका.

"आणि हे वाच." तिने सप्लायच्या बाजूचं लेबल दाखवलं. मोठ्या अक्षरांत साडेचारशे वॉट. खाली बारीक अक्षरांत, बारा व्होल्टवर जास्तीत जास्त तीनशे साठ. "प्रोसेसर पूर्ण जोरात दोनशे चाळीस घेतो, त्याच्या माहितीपत्रकात लिहिलंय. ग्राफिक्स कार्ड दीडशे. दोन्ही या बारा व्होल्टवरच चालतात. झाले तीनशे नव्वद. तुला माहीत नव्हतं तर तसं म्हणायचंस, दादा. मी त्याच दिवशी वाचलं असतं."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. मला तिच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिचा डबा घेऊन तडक दुकानात गेलो. गर्दी तशीच होती. मी डबा काउंटरवर ठेवला, वायर लावून काढली आणि कोपऱ्यावर पंजा टेकला.

"बोल बाळा, विज्ञानाचा हा मास्तर मूर्ख आहे का?"

पंखा फिरला. लोक हसले. मग मी बोट उचलून बटण दाखवलं, पुन्हा दाबून मुका डबा दाखवला आणि सगळं सांगितलं, बहिणीच्या हातून गेलेल्या कामासकट.

"सर, हा श्रद्धेचा विषय आहे," गुरू हसत म्हणाले.

"नाही, बेरजेचा आहे," मी म्हणालो. "मी ती केली नाही."

समोर एक बाई आपला डबा छातीशी धरून उभ्या होत्या. "पण सर, तुम्ही हात जोडलेत हे ऐकूनच तर आम्ही इथे आलो," त्या म्हणाल्या.

मी त्यांचा डबा घेतला, झाकण काढलं आणि सप्लायचं लेबल त्यांच्याकडे वळवलं.

"माझं ऐकू नका, ताई," मी म्हणालो. "हे तुम्ही वाचा. अडलं तर विचारा. आणि मला येत नसेल, तर येत नाही असं सांगेन."

त्यांनी चष्मा लावला आणि त्या मोठ्याने वाचायला लागल्या.