तंबू कारखान्यातला युनियनचा बाक

मित्रांनो, मी एक जुना सागवानी बाक आहे आणि खरं सांगायचं तर सध्या चांगलाच तापलेलो आहे.

इंदूरच्या स्नेहलतागंजातल्या एका सुताराने मला लांबलचक घडवलं आणि शहराबाहेर, बेटम्याच्या रस्त्यावरच्या सरकारी कारखान्यात पाठवलं. इथे फौजेसाठी तंबू शिवतात. शिवणारी माणसं मात्र फौजेतली नाहीत. सायकलीवर, टेम्पोने डबा घेऊन येणारे साधे कामगार आहेत. मला बैठकीच्या खोलीत ठेवलं. टेबलाच्या पलीकडे साहेबांच्या गादीच्या खुर्च्या आणि अलीकडे मी. माझ्यावर युनियनची माणसं बसत.

त्यांची एक रीत होती. सगळ्यांनी एकदम बसायचं, एकदम उठायचं आणि बोलायचं फक्त एकाने. बोलणं तुटायला आलं की बाकीचे आणखी घट्ट रेलून बसत. माझे सांधे कुरकुरायचे, पण काय सांगू, अभिमानाने नुसता फुगून जायचो! बायकांना पाळणाघर मिळालं ते माझ्यावर बसूनच. जुने साहेब कौतुकाने म्हणत, या बाकाशी बोललं की सगळ्या कारखान्याशी बोलणं होतं.

मग नवे साहेब आले. त्यांनी फर्मान काढलं की युनियनची मान्यता रद्द. ज्याला जे सांगायचं ते त्याने एकट्याने येऊन सांगावं. माझ्या जागी प्लास्टिकची खुर्ची आली. एकच! मला भंगाराच्या शेडमध्ये फेकलं. तिथे कबुतरांनी माझं काय केलं ते तुमच्यासमोर सांगत नाही.

त्याच सुमारास कापडाला रसायन लावतात त्या खोलीतला पंखा बंद पडला. वाफ आतच कोंडायची. तिथे काम करणाऱ्या उषाताईंना खोकल्याने रात्ररात्र झोप येईना. बायकांनी तक्रार केली, तर साहेबांनी बरोबर त्यांनाच आधी बोलावलं आणि म्हणाले, तुमची बदली शिवण विभागात करतो, मग तक्रार मिटली ना? शेडमध्ये डबा खायला आलेल्या बायकांना वाटलं, उषाताई हो म्हणणार. मलाही तसंच वाटलं, आणि मनातून मी खचलो.

पण उषाताई म्हणे त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर टेकल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, "साहेब, मी हटले तर माझ्या जागी दुसरी कोणी खोकेल. पंख्याचं बोला. आणि ते आमच्या वसुधाताई बोलतील."

वसुधाताई म्हणजे युनियनच्या सेक्रेटरी. आवाज शांत, पण बाई महाजिद्दी. जेवणाच्या सुट्टीत त्या शेडमध्ये आल्या, ओढणीने मला पुसलं आणि बरोबरच्या कामगारांना म्हणाल्या, "चला भिया, उचला याला." साहेबांच्या दाराबाहेर, व्हरांड्यात मला मांडलं आणि सगळे एकदम बसले. साहेब बाहेर येऊन म्हणाले, बाक सरकारी मालमत्ता आहे, आत्ताच्या आत्ता आत जमा करा.

"करतो ना जी," वसुधाताई म्हणाल्या. "त्याला त्याच्या जागेवर ठेवतो, आणि आम्हीही आमच्या जागेवर बसतो."

साहेबांनी दार लावून घेतलं. ते अजून उघडलेलं नाही. मान्यतेचा खटला कोर्टात आहे, पंखा बंदच आहे. तरी रोज जेवणाच्या सुट्टीत सगळे इथेच बसतात. उषाताई खोकतात, पाणी पितात, पण बसून राहतात. बसू देत. मीही हलणार नाही.

मित्रांनो, मला पॉलिश नको, गादी नको. पण कधी कोणी तुम्हाला म्हणालं, "तू एकटाच ये, तुझं काम करून देतो," तर आधी शेजारी कोण खोकतंय ते बघा. मग थोडं सरका आणि त्याला जागा द्या.