साक्षीदार घरचाच

नवरा आणि भाऊ यांच्यात करार टाईप करून द्यायची दुर्बुद्धी ताईला झाली, ती तिच्या नोकरीमुळे. ती एका वकिलाकडे टायपिस्ट होती. तोंडी ठरवून पुढे हमरीतुमरीवर आलेली माणसं रोज तिच्या टेबलासमोरून जायची. कुणाचं नाक फुटलेलं, कुणाचा हात गळ्यात. त्यामुळे स्वयंपाकघर नव्याने करायचं आणि ते काम तिच्या धाकट्या भावाला, ढब्बूला द्यायचं, असं ठरलं तेव्हा तिने बजावलं की आधी करार, मग हातोडा.

ढब्बू लहानपणी गोल होता म्हणून ढब्बू. आता वाळून काठी झाला होता, पण नाव चिकटलं ते चिकटलं. जुन्या घरांची तोडफोड करून ती नवी करून देणं हा त्याचा धंदा. टाइल्स तो स्वतःच्या हाताने बसवायचा, कामगारांवर सोडायचा नाही. “ताई, आपल्यात कागद कशाला?” तो म्हणाला. नवऱ्याला तर ते फारच लागलं. “मेहुण्याशी करार? उद्या ताटात पोळी वाढलीस की पोच घेशील माझ्याकडून.”

ताईने दोघांनाही दाद दिली नाही. दोघांची डोकी ती ओळखून होती. नवऱ्याचा राग सदा नाकावर. काम करणाऱ्याच्या मानगुटीवर बसायची त्याला खोड, आणि मागच्या खेपेला त्याने रंगाऱ्याला ब्रशासकट जिन्यावरून ढकललं होतं. ढब्बू वरून थंड, पण एकदा अडला की अडला. मग त्याला देवाचा बापसुद्धा हलवू शकत नसे. म्हणून तिने सातवं कलम मुद्दाम घातलं: काम पूर्ण होईपर्यंत स्वयंपाकघराचा ताबा ठेकेदाराकडे, मालकाने विचारल्याशिवाय आत जायचं नाही, बदल हवा असेल तर लेखी द्यायचा. नववं कलम, आत अपघात झाला तर जबाबदारी ठेकेदाराची, हे वकिलाच्या प्रत्येक करारात असायचं. ते टाईप करताना तिने विचारसुद्धा केला नाही, बोटं सवयीने चालत गेली. नवऱ्याने न वाचता सही ठोकली. साक्षीदार म्हणून तिने केली.

“वा! साक्षीदार घरचाच,” नवरा म्हणाला, आणि तिघेही हसले.

काम अर्ध्यावर आलं आणि नवऱ्याला ओट्यावरची खिडकी मोठी हवीशी वाटली. “लेखी द्या, भाऊजी,” ढब्बू म्हणाला. “माझ्याच घरात मी अर्ज करू?” असं म्हणून सुट्टीच्या दिवशी नवरा स्वतःच छिन्नी घेऊन भिंतीला भिडला. खिडकी होती तेवढीच राहिली. तिच्या भोवतीच्या नव्या टाइल्स मात्र धडाधड खाली आल्या आणि ओट्याच्या दगडाचा एक कोपरा उडाला. दुसऱ्या दिवशी ढब्बूने ते पाहिलं. शांतपणे त्याने कामगारांना घरी पाठवलं, दाराला कडी-कोयंडा ठोकला, कुलूप घातलं आणि त्याच्या वर कराराचा कागद चिकटवला. सातव्या कलमाखाली लाल रेघ होती.

संध्याकाळी नवरा कामावरून आला आणि बूट न काढताच त्या कागदासमोर उभा राहिला. मागे उभ्या असलेल्या ताईला त्याच्या लाल झालेल्या कानांच्या पाळ्या दिसल्या. ढब्बू शेजारीच सिमेंटच्या गोण्यांवर बसला होता.

“किल्ली.”

“लेखी द्या.”

“ढब्बू, दे रे त्यांना किल्ली,” ताई म्हणाली. “अहो, तुम्ही आधी बसा बघू.”

नवऱ्याने अवजारांच्या ढिगातून मोठा हातोडा उचलला. पहिल्या घावात कोयंडा वाकला, दुसऱ्यात कुलूप उडून ताईच्या पायाशी येऊन पडलं. तेवढ्यात ढब्बूने मागून त्याला कव घातली आणि चौकटीवर आपटलं. भुवई फाटली. रक्त डोळ्यात उतरलं तसा नवरा वळला आणि त्याने हातोड्याचा दांडा ढब्बूच्या तोंडात घातला. दात तुटल्याचा आवाज ताईने स्पष्ट ऐकला. दार उघडलं आणि दोघेही एकमेकांना धरून आत कोसळले, फुटलेल्या टाइल्सच्या धारदार तुकड्यांवर.

मारामारी म्हणजे शिवीगाळ, आरडाओरडा असं ताईला वाटायचं. हे दोघे मुके होते. नुसते धापा टाकत होते, लाथा घालत होते, आणि खालच्या कपच्या करकरत होत्या. ढब्बूने नवऱ्याचं डोकं केसांना धरून जमिनीवर रगडलं. नवऱ्याने त्याच्या बरगड्यांत गुडघा मारला, पुन्हा मारला. ताई नवऱ्याच्या दंडाला लोंबकळली. त्याने कोपर झटकलं आणि ती तोंडावर मार खाऊन दाराबाहेरच्या गोण्यांवर जाऊन पडली. ओठातून रक्त यायला लागलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तिथे ओरडायचं तरी कुणाच्या नावाने?

ती उठली तेव्हा ढब्बू ओट्याला धरून कसाबसा उभा राहत होता. उजवा तळहात त्याने आधारासाठी दगडावर टेकवला होता. डाव्या हाताने त्याने खिशातून किल्ली काढली आणि ओट्यावर ठेवली.

“बास, भाऊजी. चुकलं माझं. घ्या तुमचं घर.”

नवऱ्याने पडलेला हातोडा पुन्हा उचलला होता. त्याने किल्लीकडे पाहिलं. मग हाताकडे पाहिलं. बाहीने त्याने डोळ्यातलं रक्त पुसलं, नीट दिसावं म्हणून. आणि हातोडा खाली आणला.

ढब्बू लगेच ओरडला नाही. तो आपल्या हाताकडे बघत राहिला, ते काय आहे हे कळत नसल्यासारखा. मग जे ओरडला, ते ताईच्या कानात रिक्षात बसेपर्यंत आणि नंतरही थांबलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, तीन बोटं काढावी लागतील. उरलेल्या दोन बोटांत थापी धरता येणार नाही. बाहेर बाकावर नवरा भुवईला पट्टी बांधून बसला होता. हवालदार आला तसा त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. दारावरून तो कधी काढून घेतला, ताईला कळलंही नव्हतं.

“झटापट झाली, साहेब, नाही म्हणत नाही. पण हातोडा निसटला. अपघात. आणि हे नववं कलम वाचा. जागेचा ताबा त्याच्याकडे, अपघाताची जबाबदारी त्याची.” जन्मात न वाचलेला करार आता त्याला तोंडपाठ होता. मग ताईकडे झुकून तो पुटपुटला, “मी तुरुंगात गेलो तर तू कुठे जाशील? जरा विचार कर.”

तिने विचार केला होता. माहेर म्हणजे ढब्बूच, आणि त्याचा हात तर असा झालेला. सासर म्हणजे हा.

स्ट्रेचरवर ढब्बू गुंगीत होता. त्याने तिचा पदर डाव्या हाताने ओढला. “ताई, अपघातच म्हण. तुझं घर राहू दे.”

ते ऐकून ती हमसून रडली. ज्याचा हात गेला तोच तिचं घर वाचवत होता, आणि ज्याने हात फोडला तो तिनेच टाईप केलेल्या कलमाआड लपत होता.

हवालदाराने कागद उलटसुलट केला. “बाई, घरातलं भांडण आहे. अपघात लिहितो, सगळेच सुटतील. खाली ही साक्षीदाराची सही कुणाची?”

“माझी,” ताई म्हणाली. फुटलेल्या ओठामुळे शब्द जड येत होते. “करार खरा आहे. पण हा अपघात नाही. त्याने हार मानली होती, किल्ली दिली होती. यांनी आधी डोळा पुसला, हात कुठे आहे ते पाहिलं, आणि मग मारलं.”

“अगं!” नवरा उठला. “बायको आहेस ना माझी?”

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. हवालदाराने पेन काढलं, गुडघ्यावर वही घेतली. ताई पहिल्यापासून सांगू लागली. त्याचा हात मागे पडला की ती थांबायची, आणि त्याने मान वर केली की पुढचं वाक्य सांगायची.