पावडरीविना कॅरम

मुरगूडच्या किराणा दुकानाला दुपारी कुलूप लागलं की तवनाप्पा आणि सुरेखा माजघरात कॅरम मांडायचे. त्यांची मुलगी आदिती शाळेतून लवकर आली तर दोघांची बोटं बोरिक पावडरीनं पांढरी झालेली दिसायची. आई जिंकलेली असायची आणि आण्णा तिच्यासाठी चहा टाकायला उठलेले असायचे.

पुढं दुकान विकून दोघं कळंब्याला आदितीकडं राहायला आली. कॅरमही आला, पण तो कपाटामागंच उभा राहिला. आण्णांना दमा जडला होता. पावडर उडाली की खोकल्याची उबळ यायची, आणि पावडरीशिवाय स्ट्रायकर निम्म्यातच थांबायचा.

आदिती लाकडाला द्यायच्या वॉर्निशच्या कारखान्यात होती. मेणाची बारीक भुकटी वॉर्निशमध्ये घातली, तर वाळताना मेणाचे कण वर येतात आणि वरची वस्तू त्यांच्यावरून सरकते, हे तिच्या रोजच्या कामातलं. तिनं आधी प्लायच्या तुकड्यावर करून बघितलं. मऊ मेण जास्त पडलं, तर तुकडा दुधट दिसायला लागला आणि त्यावर बोटांचे ठसे उमटले. मग तिनं कडक मेण घेतलं, तेही अगदी थोडं. सोंगटी सुळकन गेली. तेव्हा कुठं तिनं जुना कॅरम पुसून, हलकं घासून त्यावर त्या वॉर्निशचा पातळ हात दिला.

रविवारी दुपारी तिनं तो टेबलावर ठेवला. आण्णांनी तळवा फिरवला आणि पावडर कुठाय म्हणून विचारलं. लागत नाही, असं आदितीनं सांगितलं. त्यांनी स्ट्रायकर मारला. तो पलीकडच्या कडेला आपटून थेट त्यांच्या हाताशी परत आला. त्यांनी तो उचलून पुन्हा एकदा मारून बघितला. मग स्वयंपाकघराकडं वळून म्हणाले, "सुरेखा, ये की."

दुसऱ्या डावात राणी सुरेखानं घेतली. सोंगट्या गोळा करता करता ती म्हणाली, "मुरगूडला तुमी मुद्दाम हरत हुता. मला ठावं हुतं."

"व्हय," आण्णा म्हणाले. "आता न्हाय हरायचा."

पुढचा डावही ते हरले, आणि या वेळी अगदी खरोखर. सुरेखा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. वर्षा-दोन वर्षांत हा थर झिजेल, हे आदितीला माहीत होतं. तेव्हा पुन्हा देऊ, असं म्हणत ती दोघांच्या शेजारी खुर्ची ओढून बसली.