पुढच्या चाकातली हवा

त्रिवेणीने पर्स खांद्याला अडकवली, पडवीत वाकली आणि सायकलच्या पुढच्या टायरवर अंगठा दाबला. टायर घट्ट होतं. अंगठा क्षणभर तसाच ठेवून तिने मग हात रुमालाला पुसला.

"डबा घेतलीस का?" आतून नागुबाईंनी विचारलं.

"घेतला, माय."

सायकल अप्पांची, तिच्या वडिलांची. ईश्वरअप्पांनी पूर्णेच्या रेल्वे यार्डात एकतीस वर्षं पॉइंट्समनची नोकरी केली ती हिच्यावरच, आणि निवृत्तीनंतर बाजारहाटही. ते गेले त्याच्या आदल्या दुपारी पडवीत बसून पुढच्या चाकात हवा भरत होते. आत त्रिवेणी उत्तरपत्रिका तपासत होती. दट्ट्या खाली गेला की जुना पंप करकरायचा.

"अप्पा, पुरे करा की आता! डोकं उठलं माझं."

पंप थांबला. संध्याकाळी ती कॉलेजच्या मीटिंगला गेली. परतली तेव्हा अप्पा झोपले होते, आणि सकाळी ते उठलेच नाहीत. लिंगायत रीतीप्रमाणे त्यांना बसवून माती दिली, वर भस्म आणि बेलाची पानं वाहिली. माणसं आली, रडली, गेली. सायकल जिथल्या तिथे राहिली. पाचव्या की सहाव्या दिवशी त्रिवेणीचा अंगठा सहज टायरवर टेकला आणि तिच्या ध्यानात आलं, आत अजून त्या दुपारची हवा आहे. अप्पांनी भरलेली. ती त्यांच्यावर खेकसली तेव्हा ते भरत होते तीच.

तेव्हापासून रोज सकाळी.

बारावीच्या वर्गात वायूंचा गतिज सिद्धांत चालू होता. टक्कर समजावताना त्रिवेणी पुस्तकातले चेंडू कधी घेत नसे, यार्डातले डबे घेई.

"चालता डबा उभ्या डब्याला भिडला की धक्का मरत नाही, दोघांत वाटला जातो. तो संवेग. डब्यांच्या टकरीत गतिज ऊर्जा मात्र थोडी आवाजात जाते, थोडी उष्णतेत. आदर्श वायूच्या कणांचं तसं नसतं. एकमेकांवर आदळतात, भिंतींवर आदळतात. याचं कमी झालं तर त्याचं वाढतं. बेरीज तीच."

"मग मॅडम, सायकलची हवा कशी काय उतरती?" राजनंदिनीने मागच्या बाकावरून विचारलं.

"कण थकत नाहीत गं, निसटतात. वॉल्व्हमधून, चक्क रबरातूनसुद्धा."

"किती दिवसांत?"

"दोन-तीन आठवड्यांत बोटाला कळतं." त्रिवेणी थांबली आणि मग, का कोण जाणे, बोलून गेली, "आमच्याकडे एक आहे. अडीच महिने झाले, अजून घट्ट आहे."

"अय्यो! मॅडम, टायरची कंपनी सांगा की. आमचं सोमवारी भरलं की बुधवारी बसतंय."

वर्ग खिदळला. त्रिवेणीही हसली. पण फळ्याकडे वळल्यावर खडू हातातच राहिला. हेच एखाद्या मुलाने लिहिलं असतं तर तिने लाल रेघ मारली असती. अडीच महिने!

दुपारचं प्रॅक्टिकल तिने दुसऱ्या सरांना घ्यायला सांगितलं आणि घरी निघाली.

नागुबाई पडवीच्या पायरीवर उजवा खांदा चोळत बसल्या होत्या. थंडीचे दिवस, तरी कपाळावरचं भस्म घामाने ओघळलेलं.

"आज लवकर आलीस व्हय?"

"हो. तुला काय झालं?"

"काय न्हाई. अंगण झाडायले होते जरा."

अंगणात कडुलिंबाचा पाला सकाळसारखाच पडला होता.

त्रिवेणी आत गेली. दाराआड, सावलीत, पंप उभा होता. तिने वरच्या दांड्याला हात लावला. लोखंड गार होतं. हात खाली सरकवत तिने पंपाच्या बुडाशी नेला.

बूड गरम होतं.

दाबली की हवा तापते; हे उदाहरण ती दरवर्षी देई. ती तशीच ओणवी राहिली, पंपाची ऊब आणि तळहाताची ऊब एक होईपर्यंत.

"काय करायलीस गं आत?"

"साडी बदलते, माय."

तिने शिलाई मशीनच्या खणातून तेलाची कुपी काढली. पंपाचं टोपण फिरवून दट्ट्या बाहेर ओढला. चामड्याचं वॉशर वाळून टणक झालं होतं. त्यावर दोन थेंब सोडून ते बोटांनी मऊ केलं, दट्ट्या परत बसवला आणि एकदा हळूच वर-खाली केला. आता जोर लागत नव्हता. करकर बरीचशी गेली, थोडी राहिली. तेवढी तिने राहू दिली. मग पंप होता तसाच, त्याच तिरक्या कलात दाराआड उभा केला.

आठवडा गेला. नागुबाईंचा हात खांद्याकडे जाईनासा झाला. एका सकाळी त्रिवेणी पडवीत वाकली. आत भाकरीवरची थाप थांबली. डब्याचं विचारणं आज आलं नाही.

"घट्ट हाय का?"

त्रिवेणीने अंगठा उचलला नाही.

"हाय, माय. लय घट्ट हाय."