गजाविना शिकवलेली चाल

मी फिडल बोलतेय. व्हायोलिन म्हणू नका, तेवढा माझा तोरा नाही. सिगारच्या रिकाम्या खोक्यातून तेओजेननं मला पोरवयात घडवलं. तारांसाठी त्यानं घराच्या दाराची जाळी उसवली. त्या उन्हाळ्यात घरभर डास झाले, त्याला आईचा मार बसला, पण मी गायला लागले.

पुढं लुइझियानातल्या आमच्या भातशेतांच्या मुलखात कुणाच्या घरी नाच असला की आम्ही दोघं हजर. मग अ‍ॅकॉर्डियन आलं, छातीशी धरून वाजवायची भात्याची पेटी. त्या दणदणाटापुढं मला कोण विचारतंय! तेओजेनची बोलावणी थांबली. त्याच्या आईची एक चाल तर त्या पेटीवर वाजेचना, कारण तिच्यातला एक स्वर पेटीत नव्हताच. ती वाजवणारा आता एकटा तेओजेन उरला होता.

"ती माझ्याबरोबर मातीत जाणार नाही," तो म्हणायचा. मुलीला, आझेमाला, शिकवायचं त्यानं ठरवलं आणि नेमकं छातीचं दुखणं बळावलं. त्यात उपवासकाळ लागला. ईस्टरपर्यंत आमच्याकडं कुणी वाद्य वाजवत नाही.

तरी त्यानं मला खुंटीवरून उतरवलं. त्याची बायको ओलिट कडाडली, "उपवासकाळात वाजवणार? देवाची तरी भीती बाळगा!"

"वाजवतोय कुठं? गज बघ, खुंटीवरच आहे."

"मोठे वकीलच लागून गेलात!"

चाल आझेमाच्या कानात लहानपणापासून होती, बोटांत नव्हती. तो तारांवर बोटं ठेवायचा, ती त्यांवर आपली. मी मुकी. "इथं थांब. घाई नको, पोरी. आता करंगळी."

ईस्टरआधीच तेओजेन गेला. मग वर्षभराचा दुखवटा, म्हणजे पुन्हा वाद्य बंद. पोरगी चाल विसरणार, या धास्तीनं मी खुंटीवर झुरत होते. पण आझेमा नुसती बसली तरी तिच्या डाव्या हाताची बोटं उजव्या मनगटावर चालायची.

दुखवटा संपला त्या सकाळी तिनं तारा सुरात लावल्या, गज टेकवला. पहिला स्वर चिरकला. ती मागं हटली नाही. चाल निघाली, आणि पेटीत नसलेल्या त्या स्वरावर आझेमा बापाइतकीच थांबली.

ओलिटच्या हातातली कॉफी तशीच राहिली. "तेवढंच पुन्हा वाजव गं," ती म्हणाली.

आता माझं खोकं एका बाजूनं उकललंय. मोडले तर रडू नका. खोकी मिळतील, दाराची जाळीही उसवता येईल. चाल जाणणारी बोटं मात्र वेळेत कुणाच्या तरी हाताखाली द्या.